पाण्याचा वाटा

लासूर स्टेशनला बाजाराच्या दिवशी टेम्पोतून कांदा जातो, सरकीची पेंड येते, कधी एखादी म्हैस उतरते. चैत्रातल्या त्या बाजारी सांडू झारेकऱ्यानं छोटा हत्ती टेम्पोतून माती आणली. अकरा गोण्या. तोंडं सुतळीनं शिवलेली आणि त्यातल्या पाचांच्या शिवणीला लाल चिंधी बांधलेली.

"सांडूबाबा, गावात माती कमी पडली का?" चहाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं.

"छावणीची हाय," सांडू म्हणाला. "तिकडची चव येगळी."

लोक हसले. हसणाऱ्यांना काय, माती म्हणजे माती. पण ही संभाजीनगरच्या छावणीतल्या एका सोनाराच्या दुकानाची जमीन होती. अडतीस वर्षं त्याच जागी बसून त्या घरच्या बाप-लेकांनी कानस चालवली, डाग दिला, फुंकणी फुंकली. कानशीतून उडालेला कण केरात जातो, केरातला पायाला लागतो, पायाचा जमिनीत जातो. आता दुकान नवं करायचं म्हणून जमीन खोदली, तेव्हा सांडूच्या घरानं ती विकत घेतली. झारेकऱ्याचा धंदा तोच: सोनाराचा केर घ्यायचा, धुवायचा, आणि सोनाराच्या हातून जे सुटलं ते धरायचं.

किंमत काय दिली ते गावाला दुसऱ्या दिवशी टँकरवर कळलं. सांडूची बायको केसरबाई हंडा उचलायला वाकली आणि साळूबाईला तिचा गळा दिसला. काळे मणी होते. मधल्या दोन सोन्याच्या वाट्या नव्हत्या.

"केसरबाई, गळा असा का गं?"

"वाट्या छावणीला ऱ्हायला गेल्यात. आखितीला येतील."

"आन नाय आल्या तर?"

"तर मणी हायेत," असं म्हणून केसरबाईनं हंडा डोक्यावर ठेवला आणि मान ताठ केली. मान ताठ केली की गळा जास्तच दिसतो, हे तिला ठाऊक नसेल असं नाही.

बोली अशी होती: वाट्या चार ग्रॅमच्या. सोनारशेठनं त्या काड्यापेटीत घालून ठेवल्या. अक्षय्य तृतीयेपर्यंत चार ग्रॅम सोनं आणून दिलं तर वाट्या परत, नाहीतर वितळायला मुशीत. वाट्या काढताना सांडूनं तोंड फिरवलं होतं. केसरबाईनं स्वतःच दोरा सोडला. त्याआधी तिनं त्या खोदलेल्या जमिनीची एक ओंजळ तिथंच बादलीत धुऊन बघितली होती. लाकडी काठवटीच्या काठाला, नखानं ओढावी तेवढी पिवळी रेघ उमटली. रेघ दिसल्याशिवाय ती सासरच्या माणसावरसुद्धा विश्वास ठेवत नसे.

पोरगा राजेंद्र वाळूजच्या कंपनीत होता. तो फोनवर म्हणाला, "आई, तुला वेड लागलं का? मातीत वाट्या घातल्या?"

"मातीतूनच आल्या होत्या," ती म्हणाली आणि फोन सुनेकडे दिला.

माती होती, हात होते. पाणी नव्हतं. शिवना नदीत पोरं क्रिकेट खेळत होती. टँकर चार दिवसांनी यायचा, त्यात माणसांची तोंडंच ओली व्हायची. एक गोणी धुवायची तर दहा टिपाडं पाणी लागतं. तेवढं पाणी एकाच माणसाकडे होतं, काकासाहेबांकडे. त्यांच्या मोसंबीच्या बागेतली विहीर अजून दिवसाला दोन तास मोटर चालू देत होती.

काकासाहेब बाजेवर बसून मोबाईलवर मोसंबीचा भाव बघत होते. सांडूनं चपला लांब काढल्या. केसरबाईनंही काढल्या, पण तिनं बसायला जागा स्वतःच झाडून घेतली.

"निम्मं," काकासाहेब म्हणाले. "माती तुमची, पाणी माझं. जशी बटईची शेती."

"बटईत धनी निम्मं घेतो कारण जमीन त्याचीच ऱ्हाते," केसरबाई म्हणाली. "इथं जमीनच आमी गोण्या भरून आणलीय."

"मग पाणी बी गोण्या भरून आणायचं."

"पाणी तर तुमचं तुमच्याच झाडाला जायाचंय, काकासाहेब. मोटरीपासून मोसंबीपतुर. आमी फक्त मधी वाटंत गाठतो त्याला."

काकासाहेबांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. तासाभरानं तिसऱ्या हिश्श्यावर ठरलं. दोन अटी पडल्या. खळ्यावर जशी रीत असते तशी: वाटणी होईल तेव्हा पहिली उचल धन्याची, आणि एकदा उचललं ते उचललं. दुसरी अट काकासाहेबांनी जरा आडवळणानं सांगितली. राखणीला त्यांची बायको साळूबाई बसेल. आणि संध्याकाळी जाताना तिघांनी पदर, धोतर झाडून जायचं.

रूपाचं, सुनेचं, तोंड उतरलं. तिला पाचवा महिना होता. झडती द्यायला ती काही चोराच्या घरात आलेली नव्हती.

"झाडू की," केसरबाई म्हणाली. "आपण दुसऱ्याच्या पायाची धूळ झाडून खातो. आपली कुणी झाडली तर काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मोटर सुरू झाल्याबरोबर काम लागलं. आधी साध्या सहा गोण्या घेतल्या. लाल चिंधीच्या पाच केसरबाईनं मागं ठेवल्या, त्या शेठच्या बैठकीच्या बरोबर खालच्या होत्या. "गोड आधी खाल्लं की भाकर जात नाय," एवढंच ती म्हणाली.

ढेकळं मोगरीनं फोडायची, चाळणीनं चाळायची, टिपाडात भिजवायची. मग दोन ओंजळी काठवटीत घेऊन विहिरीच्या पाटात उकिडवं बसायचं. मनगट असं फिरवायचं की पाणी गोल जावं आणि माती काठावरून सांडावी. हलकं निघून जातं, जड बसून राहतं. सांगायला ही एवढीच विद्या. करताना कंबर वेगळीच भाषा बोलते.

हे काम खरं सांडूचं. पण चाळीस वर्षं पारा मळून त्याचे हात थरथरू लागले होते. चहाची बशी त्याच्या हातात वाजायची. त्याच्या हातात काठवट दिली असती तर सोनं आधी आणि माती नंतर गेली असती. म्हणून तो मोगरी धरायचा. ढेकळाला थरथर चालते.

केसरबाईनं रूपाला शेजारी बसवलं.

"मनगट फिरव, खांदा नको. पीठ चाळत नायस तू."

"आत्याबाई, सगळंच चाललंय वाहून."

"जाऊ दे. जाणारं जाऊ द्यायचं. ऱ्हाणाऱ्यावर नजर ठेव."

दुपारपर्यंत रूपाच्या पायांची बोटं पांढरी पडून सुरकुतली. वर ऊन असं की पाटातलं पाणी तेवढं गार, बाकी विहिरीचा दगडही हात लावू देईना. साळूबाई मोसंबीखाली सूप घेऊन मसूर निवडत राखण करायची. पहिल्या दिवशी ती गप्प होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पोटुशीला एवढा वेळ वाकवू नको गं." तिसऱ्या दिवशी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि काठवटीत डोकावून विचारलं, "हे काळं काय?"

"लोखंडाचा कीस, रेती, पितळ, चांदी. समदं जड जड. ह्यातच हाय ते."

"दिसत नाय की."

"दिसलं असतं तर शेठनंच उचललं असतं, बाई."

संध्याकाळी झडती. सांडू धोतराचा सोगा झाडायचा, केसरबाई पदर. रूपा पदर झाडताना विहिरीकडे तोंड करायची. पहिल्या दिवशी काकासाहेब स्वतः उभे होते. म्हणाले, "केसात बी राहतं म्हणतात." रूपानं अंबाडा सोडला, केस पुढे घेऊन झटकले. त्यातून पळसाचं एक वाळलं पान पडलं. काकासाहेबांनी ते पायानं उलटून पाहिलं. त्यानंतर केसरबाई रोज जायच्या आधी हात-पायही एका घमेल्यात धुवायची आणि ते पाणी साळूबाईसमोर ठेवायची.

"हे कशाला?" साळूबाई ओशाळून म्हणायची.

"नखात बी राहतं म्हणतात," केसरबाई म्हणायची.

सहा गोण्यांना सहा दिवस लागले. सातव्या सकाळी काळ्या रेतीचा एवढासा ढीग तव्यावर वाळवला. सांडूनं लोहचुंबक फिरवून लोखंड उचललं. उरलेलं काठवटीत घेऊन केसरबाईनं बाटलीतून पारा ओतला. रूपाला तिनं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवलं. "हे तुझं काम नाय. बाळंत झाल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाय," असं सांगितलं. मग ती कणीक मळावी तसं मळत बसली. पारा पळतो, सोनं त्याला धरतं. घटकाभरानं फडक्यातून पारा पिळून बाटलीत परत गेला आणि फडक्यात राखाडी, चपटा, बोरापेक्षा थोडा मोठा गोळा राहिला.

काठवटीत जे उरलं ते मात्र उन्हात झळाळलं. पिवळंधमक. शेठच्या वडिलांनी धंद्याच्या सुरुवातीला पितळी देव घासून उजळून द्यायचं काम केलं होतं. ते सगळे देव तिथं चमकत होते.

नेमके तेव्हाच काकासाहेब आले.

"आता वाटणी," ते म्हणाले.

"भट्टी होऊ द्या, काकासाहेब. पारा जळाला की तेजाब द्यायचंय, मग टाकणखार घालून आटवायचं. मग वाटू."

"भट्टी तुमच्या दारात. तिथं काय जळलं, काय उरलं, मी काय बघायला येऊ? वाटणी माझ्या विहिरीवर. पहिली उचल माझी ठरलीय."

"कशाची वाटणी करू? ही काठवट आन हा गोळा."

"मग सोपं हाय," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी काठवटीला हात घातला. "हे माझं. तो तुमचा."

सांडू खोकला. केसरबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काकासाहेब, ते पितळ हाय."

"पितळ?" काकासाहेब हसले. "आन ते शेणाचं बोंडूक काय, सोनं?"

"व्हय."

"म्हणजे मी पिवळं टाकायचं आन शेण उचलायचं. केसरबाई, मोसंबीचे व्यापारी रोज येतात माझ्याकडं. माल खराब हाय म्हणतात, आन तोच माल घेऊन जातात."

"मी दोनदा सांगितलं. ते पितळ हाय. साळूबाईंच्या म्होरं सांगितलं."

"आता किती जोर लावती बघा," काकासाहेब बायकोला म्हणाले. त्यांनी उपरण्यात पितळ बांधलं, गाठीवर गाठ मारली. खरं बोलणाऱ्यानं एकदाच बोलावं, दोनदा बोललं की भाव पाडायला बोलतो असं वाटतं, ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती.

साळूबाईनं सूप पुन्हा हातात घेतलं. चार दिवस तिनं काठवटीत डोकावून पाहिलं होतं. जाणारं काय आणि राहणारं काय, हे तिला मसुराइतकं ओळखू येऊ लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब मोटरसायकलवर गाठोडं घेऊन गेले. केसरबाईनं अंगणात शेगडी पेटवली आणि साळूबाईला बोलावणं पाठवलं: राखण अजून संपली नाही. साळूबाई आली. वाऱ्याकडे पाठ करून दोघी बसल्या. गोळा तापला, पाऱ्याचा धूर गेला, मागे मधमाशीच्या पोळ्यासारखा भुसभुशीत खडा राहिला. तेजाबात तो फसफसला, तांबडा धूर उठला, साळूबाईनं नाकाला पदर लावला. मग मुशीत टाकणखार, वर निखारे, आणि सांडूची फुंकणी. तेवढं काम त्याला अजून जमायचं, थरथर हातात होती, छातीत नव्हती. मूस उलटली तेव्हा दगडावर एक मणी पडला. आधी लाल, मग मळका, मग पिवळा.

साडेचार ग्रॅम भरला.

केसरबाईनं छिन्नी ठेवून तिसरा हिस्सा तोडला. दीड ग्रॅम. साळूबाईच्या हातावर ठेवला.

"अगं, त्यांनी तर त्यांचं उचललं."

"ते कायबी उचलतील. पाणी तर पडलं नव्हं? पाण्याचा वाटा हाय."

साळूबाईनं मूठ मिटली नाही. सोनं अजून कोमट होतं. "माझ्या हातात वाटा म्हणून कुणी ठेवला नव्हता कधी," ती म्हणाली. "माल जातो, पैसा येतो, खात्यात पडतो. मला पासबुक बी नाय दिसत." मग तिनं पदराच्या टोकाला गाठ मारली.

केसरबाईजवळ तीन राहिले. लागत होते चार. लाल चिंधीच्या पाच गोण्या होत्या आणि आखितीला नऊ दिवस होते.

पण दोन दिवस मोटर सुरूच झाली नाही. तिसऱ्या दिवशी तिघं विहिरीवर गेले तर पेटीतले फ्यूज काढलेले. काकासाहेब बाजेवर होते आणि उपरण्याचं गाठोडं त्यांच्या पायाशी, गाठ सुटलेलं. साळूबाई झाडाखाली सुपात मसूर घेऊन बसली होती.

काकासाहेब आधी लासूरच्या सोनाराकडे गेले होते. तो हसला. मग कन्नडला, तिथला ओळखीचा होता म्हणून हसला नाही, पण त्यानं चहा मागवला. शेवटी संभाजीनगरला सराफ्यात. तिथल्या पोरानं कसोटीला न लावताच सांगितलं, काका, भांडीवाल्याकडं जा.

"पितळ निघालं," काकासाहेब म्हणाले.

"सांगितलं होतं," केसरबाई म्हणाली.

"सांगायची एक रीत असते. असं सांगता का? माणसाला खरं वाटल असं सांगायचं!"

सांडूला खोकला आला. या वेळी तो खरा नव्हता.

"माझा तिसरा हिस्सा कुठाय? त्या राखाडीतला?"

केसरबाईनं कोरड्या पाटाकडे पाहिलं. दिला म्हणावं तर कुणाला, हे सांगावं लागणार. सांगितलं की साळूबाईच्या पदराची गाठ सुटणार, आणि ते दीड ग्रॅम मोटरच्या दुरुस्तीत नाहीतर खताच्या दुकानात जाणार. नाही सांगितलं तर फ्यूज खिशातच राहणार, पाच गोण्या कोरड्याच पडून राहणार, आणि सहा दिवसांनी छावणीत काड्यापेटी उघडणार. जवळच्या तीनातून पुन्हा दीड तोडावा, हाही हिशेब तिच्या मनात होऊन गेला. तिचा हात नकळत गळ्याकडे गेला. तिथं धरायला फक्त मणी होते.

रूपा म्हणाली, "आत्याबाई, सांगा की."

"वाटा पोचलाय, काकासाहेब," केसरबाई म्हणाली. "याच्या म्होरं मला इचारू नका."

"पोचलाय? कुणाला पोचला? विहिरीला?" काकासाहेब उठून उभे राहिले. "सांडू, गोण्या उचल तुझ्या. पाणी बंद."

सांडूनं मोगरी उचलली.

"माझ्याकडं हाय," साळूबाई म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. सुपातला एक खडा उचलून तिनं बाजूला टाकला, मग पदराची गाठ सोडली, पिवळा तुकडा नवऱ्याला दिसेल इतका वेळ तळव्यावर धरला आणि पुन्हा बांधला.

"तुझ्या पदरात?" काकासाहेबांच्या तोंडून एवढंच निघालं.

"पदर त्यांचे झाडायचे ठरलं होतं. माझा नाय."

"आन हे मला सांगितलं नाय? तीन दिवस मी गावं पालथी घालतोय!"

"तुमी आपलं उचललं होतं की. उचललं ते उचललं, तुमीच घातली अट. हा पाण्याचा वाटा. सहा दिवस पाण्यापाशी मी बसले." तिनं सूप पाखडलं. "आता फ्यूज घाला. लाईट दोनला जाती."

काकासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, केसरबाईकडे पाहिलं, मग मोसंबीच्या झाडांकडे पाहिलं. मागच्या सहा दिवसांच्या पाण्यानं पाटाकडच्या दोन ओळी हिरव्यागार झाल्या होत्या, हे शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसल्याशिवाय राहत नाही. त्यांनी खिशातून फ्यूज काढले. मोटर घरघरली.

"पर या खेपेला राखणीला मी बसणार," ते म्हणाले.

"बसा," साळूबाई म्हणाली आणि सूप त्यांच्या पुढ्यात सरकवलं. "बसल्या बसल्या एवढे निवडा."

पाच दिवस काकासाहेब पाटाशी बसले. मसुरापेक्षा खडे जास्त राहिले, ते साळूबाईनं घरात पुन्हा काढले. पहिल्या संध्याकाळी केसरबाई त्यांच्यापुढे उभी राहून पदर झाडू लागली तेव्हा ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." ती म्हणाली, "नाय, ठरलंय." आणि तिनं पदर झाडला, घमेल्यात पाय धुतले आणि पाणी त्यांच्यासमोर ठेवलं. रूपानं अंबाडा सोडला आणि या वेळी तिनं विहिरीकडे तोंड केलं नाही. काकासाहेब सुपात बघत राहिले.

लाल चिंधीच्या गोण्यांची रेघ काठवटीच्या काठाला बोटभर आली. वाटणी भट्टीनंतर झाली. सहा ग्रॅम भरलं, दोन काकासाहेबांनी उचललं, दोनदा चावून बघितलं आणि खिशात टाकलं. पितळ त्यांनी कुणाला विकलं ते गावाला कळलं नाही. साळूबाईच्या मते ते माळ्यावर आहे, गाठीवर गाठ मारलेलं.

राजेंद्रनं फोनवर हिशेब केला. टेम्पो, पारा, कोळसा, तेजाब वजा जाता तिघांच्या दोन आठवड्यांना तीन ग्रॅमहून कमी उरलं. "म्हणजे कंपनीतल्या हेल्परएवढंच पडलं, आई."

"हेल्परच्या डोक्यावर साहेब असतो," केसरबाई म्हणाली.

अक्षय्य तृतीयेला छावणीत दुकानात गर्दी होती. शेठनं चार ग्रॅम तोलून घेतलं, गल्ल्यातून काड्यापेटी काढली. केसरबाईनं वाट्या तिथंच दोऱ्यात ओवल्या. रूपानं मागून गाठ मारली. सांडूनं या वेळी तोंड फिरवलं नाही.

"आता पुढं काय मिळायचं नाही बरं का," शेठ म्हणाले आणि त्यांनी बुटाच्या टाचेनं जमिनीवर टकटक केलं. सगळीकडे चकचकीत फरशी. "खाली माती राहिली नाही. कण पडला तरी पुसून उचलतो."

केसरबाई खाली बसली. फरशीवरून तळवा फिरवला, तळवा उन्हाकडे धरून पाहिला. मग दोन फरश्यांमधून नख ओढलं.

"सांधे हायेत की," ती म्हणाली.